पान उलटून पाहा

पहिल्या सरी पडून गेल्या की खोपोलीच्या बाजारात शेवळं येतात. डोंगरावरच्या वाड्यांतून ठाकर आणि कातकरी बायका पाट्या घेऊन खाली उतरतात, रस्त्याच्या कडेला जांभळट-तपकिरी कोंबांच्या जुड्या मांडतात आणि शेजारी काकडाच्या हिरव्या, आंबट फळांचे वाटे लावतात. नवखं गिऱ्हाईक नुसती जुडी घेऊन निघालं तर बाई त्याला थांबवते. "काकडं नेली का ताई? नायतर घसा खाजंल." मग ती एक शेवळ हातात घेऊन सोलते. बाहेरचं आवरण ठेवायचं, आतला पिवळसर भाग काढून टाकायचा, राहिलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं, काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा, आणि घाई करून अर्धंकच्चं उतरवायचं नाही. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा त्यांनीच खाजतो. रसायनाचं नाव त्या बाईला ठाऊक नसेल, पण उपाय ठाऊक आहे, आणि तो ती प्रत्येक गिऱ्हाइकाला न कंटाळता सांगते.

आपल्या भागात इथली झाडं कुठली आणि बाहेरून येऊन बोकाळलेली कुठली, हे लोकांना शिकवायचं ठरलं की आपण फलक रंगवतो, याद्या छापतो, भाषणं ठेवतो. माझं म्हणणं असं आहे की खालापूर-कर्जतमध्ये हे शिक्षण त्या पाटीपासून सुरू व्हावं. ज्या झाडाला इथे कुणीतरी खातं, वापरतं, ज्याच्यावर काही जगतं, ते झाड या मातीच्या व्यवहारात आहे. आक्रमक वनस्पतीचं मुख्य लक्षण याच्या नेमकं उलट असतं. तिला खाणारं, रोखणारं इथे जवळजवळ कुणी नसतं. हा एक मुद्दा नीट समजला की यादी पाठ करायची गरज पडत नाही.

खोपोलीच्या माथ्यावर, घाट चढून गेलं की खंडाळा. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत आली, आणि बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्यानंतर वनस्पती गोळा करणाऱ्यांना हा डोंगर सोपा झाला. त्यांच्यातलं सर्वांत मोठं काम फादर हर्मेनगिल्ड सांतापाव यांचं. मूळचे स्पेनचे, जेझुइट पंथाचे हे धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये निघाला आणि १९६७ पर्यंत त्याची तिसरी आवृत्ती आली. काही वर्षांच्या अंतराने सगळा डोंगर एकदम फुलवणाऱ्या कारवीच्या बहरावरही त्यांनी बारकाईने लिहून ठेवलं आहे. खोपोलीकरांना हा ग्रंथ फार मोलाचा वाटायला हवा. आपल्या डोक्यावरच्या डोंगरात पाऊणशे वर्षांपूर्वी काय उगवत होतं, याची इतकी जबाबदार नोंद महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांच्या वाट्याला आली आहे.

या ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा गाजरगवताचं नावही आपल्याकडे कुणाच्या तोंडी नव्हतं. पुण्यात ते १९५५ साली दिसलं आणि आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, आणि 'काँग्रेस गवत' हे नाव त्याच काळात रूढ झालं. एक झाड हजारोंनी बी टाकतं. परागाने दमा बळावतो, अंगाला लागलं तर त्वचेवर चट्टे उठतात. आज खोपोलीच्या रेल्वे यार्डाकडेला, द्रुतगती महामार्गाच्या भरावावर, बंद कारखान्यांच्या मोकळ्या आवारात ते हमखास असतं. जिथे माती उकरून उघडी टाकली जाते तिथे ते आधी पोचतं.

इथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. बाहेरून आलेलं म्हणजे वाईट, असं अजिबात नाही. मिरची अमेरिकेतून आली, बटाटा आला, टोमॅटो, पेरू, सीताफळ, काजू आले. कर्जतच्या वाडीतली चटणी मिरचीवाचून होत नाही, आणि मिरची काही कुंपण ओलांडून डोंगर व्यापत नाही. जैवविविधतेवर सरकारांना सल्ला देणाऱ्या आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाने २०२३ मध्ये जगभराचा आढावा घेतला. माणसाने इकडून तिकडे नेलेल्या आणि नव्या जागी रुजलेल्या प्रजाती ३७ हजारांहून अधिक, आणि त्यांपैकी अपायकारक साडेतीन हजारांहून अधिक. म्हणजे साधारण दहात एक. पण हा एक फार महागात पडतो. जगातून कायमच्या नाहीशा झालेल्या प्रजातींपैकी ६० टक्क्यांच्या नाशात आक्रमक प्रजातींचा हात होता, असं तोच अहवाल सांगतो.

त्या दहातल्या एकाची आपल्याकडची सर्वांत ठळक उदाहरणं म्हणजे घाणेरी आणि रानमोडी. घाणेरी, जिला काही जण टणटणी म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आणली गेली. कुंपणाला लावली, फुलं आवडली, बुलबुलांनी फळं खाऊन बी दूरवर टाकलं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार देशात वाघाच्या वावराच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्रात, सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटरवर, घाणेरी पसरली आहे. तिचा पाला खाल्लेल्या गुरांना विषबाधा होते, म्हणून गुरं तिला टाळतात आणि तिच्याभोवतीचं गवत मात्र फस्त करतात. चराईचा सगळा भार इथल्या गवतावर पडतो आणि घाणेरीला जागा मोकळी होते.

रानमोडीची चाल वेगळी. पावसाळा सरला की ती फुलते, नंतर तिचं केसाळ बी वाऱ्यावर उडतं, आणि उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काटक्यांचा नुसता भडका उडतो. वणवा लागला की कुड्याची, ऐनाची, आवळ्याची कोवळी रोपं जळून जातात. रानमोडी बुंध्यापासून पुन्हा फुटते, आणि पावसाआधी मोकळ्या झालेल्या राखेत तिचं बी पडलेलं असतंच. म्हणजे ती आगीला खाद्य पुरवते आणि त्या आगीचा फायदाही स्वतःच घेते. वणव्याविरुद्ध गावागावांत जागृती होते ती योग्यच, पण काडी टाकणाऱ्या माणसाबरोबर या झुडपाबद्दलही तिथे बोललं गेलं पाहिजे. एक गोष्ट मात्र रानमोडीच्या बाजूने सांगायला हवी. विळा लागून बोट कापलं तर कोकणात तिचा पाला चुरगळून जखमेवर दाबतात आणि रक्त थांबतं. लोक नव्या झाडाशीही ओळख करून घेतात. पण चार पानं तोडल्याने तिचा पसारा आटोक्यात येत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न गिरीपुष्पाचा आहे, आणि कर्जत तालुक्यात तो टाळून पुढे जाताच येत नाही.

हे झाड मूळचं मध्य अमेरिकेचं. फेब्रुवारीच्या आसपास पानं गळून फांद्या गुलाबी फुलांनी भरतात. बिया-पाला उंदरांना विषारी म्हणून 'उंदीरमारी' हेही नाव चालतं. वन खात्याने आणि सामाजिक वनीकरणाने उघड्या डोंगरांवर ते मोठ्या प्रमाणावर लावलं. कारण सोपं होतं. खुंट रोवला तरी जगतं, पाणी मागत नाही, आपली गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, दोन-तीन वर्षांत डोंगर हिरवा दिसतो. लावलेल्यांपैकी जगलेली झाडं मोजायची असतील तर गिरीपुष्पाएवढं भरवशाचं झाड नाही.

आता दुसरी बाजू. कर्जत हा भाताचा तालुका. कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र इथेच आहे आणि 'कर्जत' नावाचे त्याचे वाण कोकणभर पिकतात. इथली जुनी पद्धत म्हणजे राब. उन्हाळ्यात ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या सवळायच्या, शेण-पाला-गवताचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरायचे आणि जाळायचे. तण मरतं, राखेचं खत मिळतं, रोप तरारून येतं. पण दरवर्षी सवळलेली झाडं खुरटी राहतात, आणि उघड्यावर फिरत्या आगीचा धोका वेगळाच. विद्यापीठाने शेतकऱ्यांना सांगितलं की बांधावर गिरीपुष्प लावा आणि चिखलणीच्या वेळी त्याचा कोवळा पाला खाचरात गाडा. ते शेंगवर्गीय झाड आहे, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात, पाला लवकर कुजतो, युरियाचा खर्च वाचतो. हा सल्ला चांगला आहे. बांधावरच्या गिरीपुष्पाने डोंगरातला ऐन वाचतो.

मग हेच झाड डोंगरावर का नको? बांधावर त्याला दरवर्षी शेतकऱ्याचा कोयता भेटतो, शेंगा धरायच्या आत फांद्या उतरतात. डोंगरावर कोयता नाही, आणि गुरंही त्याला खात नाहीत. उन्हात वाळलेली शेंग फटकन उकलते आणि बिया वीसेक मीटरवर फेकल्या जातात. दहा-पंधरा वर्षांत त्याची एकसुरी दाटी होते आणि खाली बाकी काही फारसं उगवत नाही. तिथे करवंद नाही, तोरण नाही, शेवळं नाहीत. तेव्हा गावात शिकवायचं ते 'गिरीपुष्प वाईट' असं नव्हे. कुठे लावलं, वर्षाला कुणाचा हात त्याला लागतो आणि शेंगेआधी ते उतरतं का, हे तीन प्रश्न शिकवायचे. ज्या शेतकऱ्याला बांधावर त्याचा उपयोग झाला आहे, त्याला नुसतं 'परदेशी, उपटा' म्हणून सांगणारा कार्यकर्ता पहिल्याच सभेत विश्वास गमावतो.

शाळेतल्या मुलांना हे कसं दाखवावं? त्यासाठी करंजासारखं झाड नाही, आणि पाताळगंगेच्या, उल्हासच्या काठाने करंज भरपूर आहेत. करंजाचं एक जुनं पान तोडून मुलांच्या हातात द्यावं. त्यावर हिरव्या पुटकुळ्या उठलेल्या असतात, कडा कुरतडलेल्या असतात, कुठे नागमोडी पांढरी रेघ असते. मुलं म्हणतात, झाड आजारी आहे. तेव्हा पान उलटायला सांगावं. पुटकुळ्या सूक्ष्म कोळ्यांनी केलेली घरं आहेत, रेघ पानाच्या आत राहणाऱ्या अळीची वाट आहे, कोवळ्या पालवीवर निळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात आणि त्यांच्या मागे मुंग्या. एक पान म्हणजे भरलेली चाळ. मग रानमोडीचं पान आणावं. ते बहुतेक वेळा स्वच्छ, अखंड असतं. सुंदर दिसतं, पण त्यावर कुणी राहत नाही. ज्या पानावर अळी नाही, त्या झाडावर पिल्लांना चारायला पक्ष्याला काही मिळत नाही. बहुतेक छोटे पक्षी पिल्लांना दाणे नव्हे, अळ्या भरवतात.

इथे एखादं चुणचुणीत मूल हमखास विचारतं, घाणेरीवर तर कितीतरी फुलपाखरं येतात. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. फुलपाखरू मध कुठलाही पितं, अळी मात्र ठरावीक पानंच खाते. 'नीलवंत', ज्याला २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळाला, तो घाणेरीवर खुशाल मध पितो, पण त्याची मादी अंडी घालते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. रानातली माकडलिंब, तिरफळ यांसारखी झाडं गेली तर घाणेरी कितीही फुलली तरी पुढची पिढी नाही. हॉटेल आहे, बाळंतघर नाही, एवढं मुलांना कळलं की पुरे.

पावसाळ्यात मुंबई-पुण्याहून कर्जत-खोपोलीला येणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बीजगोळे फेकू नका. हेतू चांगला असतो हे मान्य, पण त्या गोळ्यांत काय आहे हे फेकणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. सुबाभूळ, गुलमोहर, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांचं बी स्वस्त आणि मुबलक, म्हणून तेच भरलं जातं. पिवळ्या-केशरी कॉसमॉसचं बी शोभेसाठी उधळलं गेलं आणि आज पुण्याच्या टेकड्यांवर सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याचे गालिचे पसरलेले असतात. लोक त्यात उभं राहून फोटो काढतात आणि त्या गालिच्याखाली तिथली मूळची रानफुलं दबलेली असतात. शिवाय ज्या उतारावर झाड दिसत नाही तो उतार रिकामा नसतो. उघड्या गवताळ कड्यावर, कातळावर पावसाळ्यात तेरडा, सोनकी, कवला, कळलावी फुलते, चवर उगवते. त्यांना ऊन हवं असतं. तिथे झाड लावणं म्हणजे त्यांची जागा काढून घेणं.

राज्यात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. आकडा मोठा होता आणि लोकांचा सहभागही. पण मोहिमेला रोप वेळेवर लागतं, आणि रोपवाटिकेत जे सोपं तेच तयार असतं. इथली झाडं मुळात वेळ मागतात. जांभळाचं बी वाळलं की मेलं, ते फळ खाल्ल्या खाल्ल्या पेरायला लागतं. पळसाचं बीही फार काळ टिकत नाही. हिरडा-बेहड्याची कवची कठीण, ती उगवायला उशीर लावते. म्हणून खालापूर तालुक्यातल्या शाळेने पुढल्या जूनची तयारी आदल्या एप्रिलपासून करायला हवी, आणि बी आणायला मुलांनी दुकानात न जाता वाडीवरच्या आजीबरोबर रानात जावं. भोकर कधी पिकतं, ऐनाचं पंखवालं बी कधी गळतं, काटेसावरीचा कापूस कधी उडतो, हे तिला कॅलेंडर न बघता माहीत असतं. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने याच जाणकारीच्या आधाराने औषधी वनस्पती आणि भाताच्या जुन्या वाणांवर काम केलं. तो धागा शाळांनी उचलावा असं मला फार वाटतं.

ही जाणकारी कागदावर आणण्याची सोय कायद्यातही आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा देशभर नोंदवह्यांची घाई उडाली. घाईत केलेल्या नोंदवहीत चार पुस्तकांतून उतरवलेली नावं येतात. खरी नोंदवही वेगळी असते. तिच्यात कुठल्या ओढ्याला शेवळं होती आणि किती वर्षांपासून नाहीत, कुठल्या पठारावर रानमोडी आधी दिसली, कुठली पाणवठ्याची जागा जलपर्णीने भरली, हे लिहिलेलं असतं. तणांच्या नोंदीसाठी त्यात तक्ताही असतो. खोपोली नगरपालिकेच्या हद्दीपासून थेट माथ्यावरच्या वाडीपर्यंत हे लिहायचं तर सांगणारी बाई समितीत बसायला हवी, नुसती सहीपुरती नव्हे.

कर्जत-खोपोलीत बाहेरच्या झाडांना आता आणखी एक वाट उघडली आहे, ती फार्महाउसची. प्लॉटभोवती झटपट हिरवी भिंत हवी म्हणून कोनोकार्पस लावतात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. हिरवळीऐवजी पिवळ्या फुलांचं वेडेलिया लावतात. ते कांड्याकांड्याला मुळं सोडत कुंपणाखालून ओढ्यात उतरतं आणि पुढचं काम पाणी करतं. नर्सरीवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, तो गिऱ्हाईक मागेल ते ठेवतो. गिऱ्हाइकाने ताम्हण, बहावा, करंज, कुडा मागायला लागावं. ताम्हण आपलं राज्यफूल, ओढ्याकाठचं झाड; उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी भरलेलं ताम्हण ज्याने पाहिलं आहे त्याला शोभेसाठी परदेशातून काही आणावंसं वाटणार नाही.

आता उपटण्याबद्दल, कारण सभा संपल्यावर लोक हेच विचारतात. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी रीत सांगितली आहे. माती थोडी बाजूला करायची, खोड जिथे मुळाला मिळतं ती गाठ शोधायची आणि तिच्या खाली कुदळीने तोडायचं. झुडूप उलटं करून, मुळं वर ठेवून वाळू द्यायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. फळं धरण्याआधी हे व्हायला हवं, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे पक्षी बसतात त्या झाडांखाली नवी रोपं उपटत राहायला हवं. रानमोडी ऑक्टोबरात, फुलाआधी, ओली जमीन असताना मुळासकट निघते. गाजरगवत हातमोजे घालून, तेही फुलाआधीच. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजरगवत जागरूकता सप्ताह होतो. खोपोलीच्या शाळांना तो तयार मुहूर्त आहे. या गवताची पानं खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूरला सोडले गेले आणि पावसाळ्यात ते पुष्कळ ठिकाणी दिसतात. मुलांनी उपटण्याआधी पानं तपासावीत. भुंगेरे असतील तर ती झाडं त्यांच्यासाठी ठेवावीत.

आणि एका दिवसात अख्खा डोंगर साफ करायला निघू नये. उकरलेली उघडी माती ही सगळ्या आक्रमक तणांची आवडती जागा. जेवढ्या तुकड्यावर पुढचे तीन पावसाळे परत येता येईल, तेवढाच तुकडा घ्यावा; वरच्या अंगाने, जिथे जंगल अजून चांगलं आहे, तिथून सुरुवात करून खाली यावं. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच खड्डे खणायची गरज नाही. शेजारी ऐन-किंजळ, कुडा, करवंद असतील तर पहिल्या पावसाळ्यात त्यांचीच रोपं वर येतात. ती ओळखून भोवती दगड रचले आणि गुरं दूर ठेवली की काम भागतं. कुठलं रोप ठेवायचं आणि कुठलं काढायचं, याबद्दल शंका आली तर त्या वाडीवरच्या एखाद्या बाईला सोबत न्यावं, आणि तिच्या बुडालेल्या दिवसाची मजुरी तिला द्यावी.